श्वासनलिका कापली, तेव्हा श्वास कुठून?

एरंडोलच्या एका माध्यमिक शाळेत दहावीच्या वर्गाशी गप्पा मारण्याचा योग आला. विषय होता श्वसनसंस्था. फळ्यावर नेहमीची आकृती काढली होती: नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका, तिच्या दोन शाखा आणि दोन फुप्फुसे. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या मामांना २०२१ साली करोना झाला होता. बरेच दिवस ते कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर होते. त्यातून वाचून घरी आले, पण काही आठवड्यांनी त्यांना जिना चढताना धाप लागू लागली आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. श्वासनलिका एका जागी आक्रसली होती. शेवटी मुंबईला शस्त्रक्रिया झाली. अरुंद झालेला तुकडा कापून काढला आणि दोन्ही टोके एकमेकांना जोडली. मामा आता ठणठणीत आहेत.

"पण सर," ती म्हणाली, "नळी कापलेली असताना मामा श्वास कुठून घेत होते?"

मी डॉक्टर आहे तो विज्ञानातली पदवी मिळवलेला, रोग्याला औषध देणारा नव्हे. त्यामुळे त्या दिवशी मी दिलेले उत्तर अर्धवट होते. परत आल्यावर या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा लक्षात आले की पूर्ण उत्तर द्यायला वैद्यकाला जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली आहेत. त्या सव्वाशे वर्षांची ही कहाणी.

अडचण नेमकी कोठे आहे?

प्रौढ माणसाची श्वासनलिका दहा ते बारा सेंटिमीटर लांब आणि साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तिच्या भिंतीत कूर्चेच्या अठरा ते बावीस कमानी असतात. घोड्याच्या नालाप्रमाणे त्या मागच्या बाजूला उघड्या असतात. या कमानींमुळे आत श्वास ओढताना नळी चिमटत नाही.

पोटाची किंवा पायाची शस्त्रक्रिया असेल, तर शल्यविशारद एका जागी काम करतो आणि भूलतज्ज्ञ दुसऱ्या जागी. एकाची जागा दुसऱ्याला लागत नाही. श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत मात्र दोघांनाही तीच दोन सेंटिमीटरची वाट हवी असते. शल्यविशारदाला ती रिकामी हवी, म्हणजे टाके घालता येतील. भूलतज्ज्ञाला त्यात नळी हवी, म्हणजे प्राणवायू आत पोचेल. आणि दोघांच्या मध्ये घड्याळ चालू असते.

ते घड्याळ किती मिनिटांचे, हे वर्गात सहज काढता येईल. साधा श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत सुमारे अडीच लिटर वायू शिल्लक राहतो. त्यात प्राणवायू असतो साधारण चौदा टक्के, म्हणजे ३५० मिलिलिटर. स्वस्थ पडलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. म्हणजे श्वास थांबला की ही शिल्लक दीड मिनिटाच्या आतच संपते. याउलट, आधी काही मिनिटे शुद्ध प्राणवायू हुंगायला दिला, तर फुप्फुसांतल्या नायट्रोजनची जागा प्राणवायू घेतो. शिल्लक दोन लिटरच्या वर जाते आणि हिशेबाने आठ-नऊ मिनिटे मिळतात. प्रत्यक्षात भूल दिल्यावर फुप्फुसांतला साठा कमी होतो, आणि लहान मुले व स्थूल व्यक्ती यांच्या बाबतीत तर वेळ फारच थोडा मिळतो. तरीही हे गणित भूलशास्त्राच्या केंद्रस्थानी आहे. मात्र नळी जोडण्याच्या शस्त्रक्रियेला काही तास लागतात. आठ मिनिटांत ती उरकणे शक्य नाही.

भूल आली, वाट मोकळी राहिली नाही

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला. पुढच्याच वर्षी ईथर कलकत्त्याला पोचले. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. वेदना थांबली. पण माणूस बेशुद्ध झाला की त्याची जीभ मागे पडते, घशातले स्नायू सैल होतात, खोकला येत नाही. जागेपणी वाट मोकळी ठेवण्याचे काम शरीर आपोआप करते, भुलेखाली ते कोणीतरी दुसऱ्याने करावे लागते. हे 'कोणीतरी' म्हणजेच आजचा भूलतज्ज्ञ.

ही गोष्ट सर्वांच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि तिचा एक मोठा अध्याय आपल्या शेजारी घडला. खानदेश ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होता, पण अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की निजामाचे राज्य लागे. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एडवर्ड लॉरी नावाचे शल्यविशारद वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. क्लोरोफॉर्मखाली अधूनमधून रोगी दगावत. प्रश्न असा होता, की आधी काय थांबते, हृदय की श्वास? लॉरी यांचे मत ठाम होते: श्वास आधी थांबतो, म्हणून नाडीकडे नव्हे, श्वासाकडे पाहा. निजामाने दिलेल्या पैशावर १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन मुद्दाम आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने निघाला.

याच हैदराबादेत लॉरी यांच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषी १८८९ साली वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण होऊन क्लोरोफॉर्म देण्याचे काम करू लागल्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

आयोगाचा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो, श्वास चालू असतानाही. म्हणजे लॉरी यांचे विरोधकही अगदीच चूक नव्हते. मुलांना सांगण्याजोगी गोष्ट अशी, की शेकडो प्रयोग करूनही माणूस चुकू शकतो, जर प्रयोगाची मांडणी एकाच शक्यतेला अनुकूल असेल. तरी हैदराबादचा अर्धा धडा कायमचा टिकला: भुलेखालच्या माणसाच्या श्वासावरून क्षणभरही नजर हटवायची नाही.

ही नजर म्हणजे त्या काळी अक्षरशः डोळे, कान आणि हाताचा तळवा. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना तेथे आणले होते. मध्येच वीज गेली आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली, हा प्रसंग अनेकांना ठाऊक आहे. आपण सहसा शल्यविशारदाच्या अडचणीचा विचार करतो. पण अंधारात ओठांचा रंग दिसत नाही, छातीची हालचाल दिसत नाही. डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी श्वासाचा आवाज आणि हाताला लागणारी उबदार हवा यांवरच भिस्त ठेवावी लागली असेल.

नळी आत कशी गेली?

श्वासनलिकेत नळी घालण्याची कल्पना भुलेपेक्षा जुनी आहे. १५४३ साली व्हेसालियस यांनी प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकर मारल्यास फुप्फुस फुगते व हृदय चालू राहते, असे लिहून ठेवले. १६६७ साली रॉबर्ट हूक यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर भात्याने हवा भरून कुत्रा जिवंत ठेवला. कॉलऱ्याचा माग काढणारे म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते जॉन स्नो हे खरे तर पेशाने भूल देणारे. त्यांनी सशाच्या गळ्याला छिद्र पाडून त्यातल्या नळीवाटे क्लोरोफॉर्म दिले होते.

माणसात ही युक्ती आणली ती गरजेने. तोंडाची किंवा जबड्याची शस्त्रक्रिया करताना रक्त श्वासनलिकेत उतरे आणि रोगी गुदमरे. जर्मनीत फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८७१ च्या सुमारास गळ्याला छिद्र पाडून एक नळी बसवली. तिच्याभोवती फुगवता येणारी रबरी पिशवी होती. पिशवी फुगली की रक्ताची वाट बंद, हवेची वाट चालू. मग १८७८ साली ग्लासगोच्या विल्यम मॅकएवन यांनी विचार केला, की त्यासाठी गळा तरी कशाला कापायचा? जिभेच्या मुळाशी कर्करोग झालेल्या रोग्याच्या तोंडातून, बोटांच्या स्पर्शाने अंदाज घेत, त्यांनी धातूची नळी थेट श्वासनलिकेत घातली. रोगी तेव्हा जागा होता! नळी नीट बसल्यावरच क्लोरोफॉर्म सुरू केले. आधी वाट पक्की करायची, मग झोपवायचे, हा क्रम कठीण रोग्यांच्या बाबतीत आजही पाळला जातो.

१८८५ साली न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांच्या स्वरयंत्रात अशाच नळ्या बसवल्या. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सिडकप येथे चेहरा उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर हॅरॉल्ड गिलीज शस्त्रक्रिया करीत. ज्या चेहऱ्यावर काम करायचे, त्याच चेहऱ्यावर भुलेचा मुखवटा कसा ठेवणार? आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉटम यांनी मग रबराची नळी नाकातोंडातून श्वासनलिकेत नेण्याचे तंत्र घोटून घोटून पक्के केले.

१९२८ साली अमेरिकेत आर्थर ग्यूडेल आणि राल्फ वॉटर्स यांनी या नळीला पुन्हा फुगवटा जोडला. तो पुरेसा घट्ट बसतो हे सहकाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी एका कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून, चक्क पाण्यात बुडवून ठेवले. बाहेर काढल्यावर कुत्रा जागा झाला आणि अंग झाडून चालता झाला. त्याचे नाव ठेवले होते 'एअरवे', म्हणजे श्वासमार्ग! १९४२ साली माँट्रियलच्या हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी भुलेत क्युरारे वापरले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले लोक बाणाला लावत ते हे विष. त्याने स्नायू पूर्ण सैल होतात, श्वासाचेही. आता रोग्याचा श्वास घेणे ही सर्वस्वी भूलतज्ज्ञाची जबाबदारी झाली. १९४७ साली भारतातल्या भूलतज्ज्ञांनीही आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली.

जी नळी तारते, तीच मारते?

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रोगी दगावू लागले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियागृहातले तंत्र वॉर्डात आणले. गळ्याला छिद्र, त्यात फुगवट्याची नळी, आणि हाताने दाबायची रबरी पिशवी. पिशव्या दाबायला सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून बसले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म येथे झाला.

पण वाचलेल्या रोग्यांपैकी काहींना घरी गेल्यावर धाप लागू लागली. एरंडोलच्या मुलीच्या मामांसारखीच. कारण उलगडले १९६० च्या दशकात. नळीभोवतीचा फुगवटा श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर दाबून बसतो. त्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतला दाब कमी असतो. फुगवट्याचा दाब त्याहून जास्त झाला की रक्तपुरवठा थांबतो, अस्तर मरते, कूर्चा झिजते. जखम भरताना व्रण पडतो, आणि व्रणाचा स्वभावच आक्रसण्याचा असल्याने नळी आवळली जाते. बॉस्टनच्या जोएल कूपर आणि हर्मीस ग्रिलो यांनी १९६९ साली ही साखळी प्रयोगांनी सिद्ध केली. त्यातून मोठे, मऊ, कमी दाबाचे फुगवटे आले. आज हा दाब पाण्याच्या वीस ते तीस सेंटिमीटर स्तंभाइतकाच ठेवतात.

धाप एकाएकी का लागते, तेही पाहू. नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाला किंवा वायूला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध दुप्पट नव्हे, सोळा पट. आणि अरुंद जागी हवा घुसळत वाहू लागली तर याहूनही जास्त. म्हणून नळी हळूहळू आवळत असताना रोग्याला फारसे जाणवत नाही, आणि एक मर्यादा ओलांडली की पायरी चढणेही अशक्य होते. करोनाच्या काळात असंख्य रोगी दीर्घकाळ यंत्रावर राहिले, आणि हा विकार पुन्हा मोठ्या प्रमाणावर दिसू लागला.

कापायचे किती आणि जोडायचे कसे?

१९५० च्या सुमारास समज असा होता, की श्वासनलिकेचा दोन सेंटिमीटरहून अधिक तुकडा काढला तर टोके जुळणार नाहीत. ग्रिलो यांनी हा समज मोजून तपासला. मृतदेहांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाहिले, की मान पुढे वाकवली आणि नळी आसपासच्या पेशीजालांपासून काळजीपूर्वक मोकळी केली, तर प्रौढाच्या श्वासनलिकेचा जवळजवळ निम्मा भाग काढूनही टोके जुळू शकतात. हे काम झाले मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात, जेथे १८४६ साली ईथरचा प्रयोग झाला होता त्याच ठिकाणी.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. आधी रोग्याला शुद्ध प्राणवायू देऊन साठा वाढवतात. अरुंद जागा फार आवळलेली असेल, तर त्याचा स्वतःचा श्वास चालू ठेवूनच हळूहळू भूल देतात, कारण स्नायू सैल केले आणि नळी गेलीच नाही, तर परतीचा मार्ग नसतो. तोंडातून घातलेली नळी अरुंद जागेच्या वर ठेवतात, किंवा ती जागा आधी रुंदावून पलीकडे नेतात. मग शल्यविशारद गळ्याच्या पुढून श्वासनलिका उघडतो. त्या क्षणी वरची नळी थोडी मागे ओढतात आणि दुसरी निर्जंतुक, तारेच्या वेटोळ्याने मजबूत केलेली नळी थेट कापलेल्या खालच्या टोकात बसवतात. तिचे दुसरे टोक भूलयंत्राला जोडलेले असते. म्हणजे मामा श्वास घेत होते तो शस्त्रक्रियेच्या जागेतूनच, गळ्यावरच्या जखमेवाटे!

मागचे टाके घालताना ही नळी आड येते. तेव्हा भूलतज्ज्ञ "काढा" म्हणतो, शल्यविशारद नळी काढून एक-दोन टाके घालतो, प्राणवायू उतरण्याआधी नळी परत जागेवर. असे पुन्हा पुन्हा. रक्तातला प्राणवायू बोटावर मोजणारे जे यंत्र करोनाकाळात घरोघरी आले, ते येथे पंचाचे काम करते. ज्या तत्त्वावर ते चालते, ते जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले. सर्व टाके घालून झाले, पण गाठी मारायच्या बाकी आहेत, अशा वेळी खालची नळी कायमची काढतात, तोंडातली नळी जोडाच्या पलीकडे सरकवतात, आणि मगच गाठी आवळतात.

दुसरा मार्ग १९६७ साली सँडर्स यांनी दाखवला. जाड नळीऐवजी बारीक नळीतून जोराच्या दाबाने प्राणवायूचे फवारे सोडायचे. शल्यविशारदाला पुरेशी मोकळी जागा मिळते. अगदीच बिकट प्रसंगी रक्तच शरीराबाहेर काढून, त्याला प्राणवायू देऊन परत सोडतात.

शस्त्रक्रिया संपली की रोग्याला शक्य तितक्या लवकर जागे करून नळी काढतात, म्हणजे नव्या जोडावर पुन्हा फुगवट्याचा दाब नको. मान मागे जाऊन टाके ताणले जाऊ नयेत म्हणून अनेकदा हनुवटी आणि छाती यांना जोडणारा एक जाड टाका आठवडाभर ठेवतात. मामा परत आले तेव्हा मान खाली घालून बोलत होते, असे ती मुलगी म्हणाली होती. त्याचे कारण बहुधा हेच असावे.

आपल्याकडची वाट

तंबाखूमुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग आपल्याकडे फार. त्यामुळे १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांना अवघड श्वासमार्ग हा रोजचाच विषय. २०१६ साली अखिल भारतीय अवघड श्वासमार्ग संघटनेने देशासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्या तयार करण्यात टाटा स्मारकच्या डॉ. शीला नैनन मैत्रा यांचा प्रमुख सहभाग होता. त्यातली एक सूचना साधी आणि स्वस्त आहे: नळी घालण्याचा प्रयत्न चालू असताना नाकावाटे प्राणवायूचा प्रवाह चालूच ठेवा. श्वास थांबला तरी रक्त फुप्फुसातला प्राणवायू शोषत राहते, आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत वरचा प्राणवायू आपोआप ओढला जातो. १९५९ साली फ्रुमिन आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर, छाती अजिबात न हलवता, रोग्यांचा प्राणवायू ५५ मिनिटांपर्यंत टिकवून दाखवला होता. कार्बन डायऑक्साइड मात्र साचत जातो, म्हणून हा उपाय तात्पुरताच. महागड्या यंत्राविना तालुक्याच्या दवाखान्यातही तो करता येतो.

उलट दिशेचाही एक धडा आहे. पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदांनी २०११ पासून स्वीडनमध्ये प्लास्टिकच्या श्वासनलिका रोग्यांना बसवल्या. जगभर वाहवा झाली. पुरेसे प्राण्यांवरचे प्रयोग झालेले नव्हते, आणि बहुतेक रोगी दगावले. २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. मृतदेहांवर सेंटिमीटर मोजत बसणारे ग्रिलो आणि हे यश घाईने जाहीर करणारे, या दोघांची तुलना वर्गात जरूर करावी.

वर्गात करून पाहण्याजोगे: शीतपेयाची जाड नळी आणि चहा ढवळायची बारीक नळी घ्या. धडधाकट विद्यार्थ्याने नाक धरून दोन्हींतून केवळ तीन-चार श्वास घ्यावेत. दमा असलेल्यांना हा प्रयोग करू देऊ नये, आणि गुदमरल्यासारखे वाटताच थांबावे. दोन्ही नळ्यांचे व्यास मोजून त्रिज्येचा चौथा घात काढा आणि दोन उत्तरांचे गुणोत्तर फळ्यावर लिहा. मामांना जिना का चढवत नव्हता, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

त्या मुलीला मी हे सगळे पत्राने कळवले आहे. तिचे उत्तर आले, ते दुसरा प्रश्न घेऊन: "सर, कापलेली श्वासनलिका जुळते, तर मग तिथे आवाज का बदलत नाही?" फळ्यावरची आकृती पुन्हा एकदा पाहा. स्वरयंत्र कोठे आहे आणि कापलेला भाग कोठे, हे तुमच्या वर्गालाच विचारून पाहा.